नवव्या पाकिटातला विषय

लाखेचा थेंब पाकिटावर पडला तसा भीमसेनरावांनी श्वास रोखला, शिक्का दाबला, मनात वीसपर्यंत आकडे म्हटले आणि मगच हात उचलला. हे नववं पाकीट, अंतिम फेरीचं. समोर प्रोफेसर रत्नाकर कॉफीचा पेला हातात घेऊन बसले होते. पाकिटातला विषय या दोघांना आणि प्रिन्सिपॉलसाहेबांना ठाऊक होता. चौथ्या माणसाला तो कळता कामा नये यासाठी भीमसेनरावांनी खोलीची खिडकीसुद्धा लावून घेतली होती, आणि रत्नाकर घामाघूम झाले होते.

"आता तरी हसा थोडं, भीमसेनराव," रत्नाकर म्हणाले.

"अंतिम फेरी पार पडल्यावर हसतो की," भीमसेनराव म्हणाले आणि त्यांनी पाकीट उजेडासमोर धरून आतलं काही दिसतं का ते पाहिलं. काही दिसत नव्हतं. तरी त्यांनी ते उलटं करून पुन्हा एकदा पाहिलं.

एकोणीसशे एकोणसाठचा डिसेंबर होता. दर डिसेंबरात बंगळूरच्या त्या कॉलेजात विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय वादसभा भरे. कोलंबो, रंगून, सिंगापूर, एखाद्या वर्षी थेट इंग्लंडातून दोन-दोन विद्यार्थ्यांचे संघ येत. वाद इंग्रजीत चाले. विषय आधी कोणाला माहीत नसे. फेरीच्या एक तास आधी दोन्ही संघांसमोर लाखबंद पाकीट फुटे, आणि त्या तासात जे सुचेल ते घेऊन पोरांनी उभं राहायचं. म्हणजे सगळा डोलारा त्या नऊ पाकिटांवर, आणि पाकिटं भीमसेनरावांवर.

भीमसेनराव कॉलेजचे हेडक्लार्क. संशय हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. पत्र पेटीत टाकलं की ते आत पडलं की नाही हे पेटीच्या तोंडात बोटं घालून पाहत. चामराजपेटेच्या बसमध्ये चढताना कंडक्टरला विचारत, ही चामराजपेटेला जाते ना, आणि तो हो म्हणाला की आणखी दोन उतारूंना विचारून खात्री करून घेत. लग्नाला गेले की वहाणा पिशवीत घालून ती पिशवी मांडीखाली घेऊनच पंगतीला बसत. ऑफिसच्या कपाटाची किल्ली त्यांनी जानव्याला बांधली होती, ती अंघोळीलाही सुटत नसे. सहा वर्षांपूर्वी स्पर्धा सुरू झाली तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले होते, जो स्वतःवरही विश्वास टाकत नाही त्याच्याचकडे पाकिटं द्या. ऑफिसातले लोक हसले. भीमसेनरावांना मात्र तो आपला मोठाच गौरव वाटला होता, आणि घरी येऊन त्यांनी तो विमलाबाईंना दोनदा सांगितला होता.

यंदा एक पंचाईत झाली. कॉलेजच्या संघात त्यांच्याच मुलीची निवड झाली. क्षमा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि संघात घेतलेली कॉलेजची पहिलीच मुलगी. अंतिम फेरीत जो सगळ्यांत चांगला बोलेल त्याला इंग्लंडातल्या विद्यापीठात एक वर्ष शिकायची शिष्यवृत्ती होती. चामराजपेटेतल्या एका कारकुनाच्या मुलीला तिकडे जायचा दुसरा रस्ता नव्हता, हे घरात न बोलताही तिघांना ठाऊक होतं. भीमसेनराव त्याच दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, हे काम माझ्याकडून काढून घ्या. साहेब म्हणाले, तुमच्याकडून काढून कोणाला देऊ? एक नाव सांगा. भीमसेनरावांनी खूप विचार केला. ज्याच्यावर विश्वास टाकावा असं एकही नाव त्यांना सुचलं नाही.

तेव्हा त्यांनी घरात दंडक घातला. स्पर्धा संपेपर्यंत वादसभेचं नाव काढायचं नाही. क्षमानं तयारी करायची ती मैत्रिणीकडे. तिनं मान डोलावली. ती बापाला ओळखून होती. त्यामुळे झालं असं, की मुलगी कशी बोलते हे भीमसेनरावांनी कधी ऐकलंच नाही. सभा चाले तेव्हा ते साहेबांच्या खोलीच्या दारात, तिजोरीकडे पाठ करून स्टुलावर बसलेले असत. हॉलमधून टाळ्या ऐकू येत. त्या कोणासाठी आहेत हे विचारायचीही त्यांना चोरी वाटे.

सोमवारी पाहुणे आले आणि भीमसेनरावांचा डोळ्याला डोळा लागेना. रंगूनच्या एका मुलानं मोरी कुठं आहे म्हणून विचारलं, तर हा ऑफिसच्याच बाजूला येऊन का विचारतो, असं त्यांच्या मनात आलं. सिंगापूरच्या संघाबरोबर आलेले एक गृहस्थ आणि बाई कॉलेजच्या इमारतीचा फोटो काढत होते, तर फोटोत तिजोरीच्या खोलीची खिडकी येते की काय हे ते त्यांच्या मागे उभं राहून पाहून आले. मंगळवारी संध्याकाळपर्यंत आठ पाकिटं फुटली. एकाही शिक्क्याला चीर गेलेली नव्हती. आणि अंतिम फेरीत कोलंबोच्या संघासमोर कोण, तर क्षमा आणि तिचा जोडीदार. भीमसेनरावांना आनंद झाला, पण तो दाखवायचा कसा हे कळेना. जेवताना त्यांनी तिला आणखी तूप वाढायला सांगितलं.

बुधवारी सकाळी पाहुण्यांना दोन दिवस म्हैसूर दाखवायला नेलं. अंतिम फेरी शनिवारी होती. संध्याकाळी भीमसेनराव घरी आले, पाय धुऊन देवघरात गेले आणि जागच्या जागी थांबले. मागच्या वर्षीचं पंचांग पाटावर पडलं होतं. ते तिथं असायचं कारण नव्हतं. ते देवाच्या पेटीखाली, चार वर्षांच्या जुन्या पंचांगांच्या चळतीत, खालून दुसरं असायला हवं होतं.

"हे कोणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"क्षमीला मीच काढायला सांगितलं," विमलाबाई चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "येत्या सोमवारी मामंजींचं श्राद्ध नव्हे? मागच्या वर्षी ब्राह्मण म्हणून कोण कोण बसले होते ते मी शेवटच्या पानांच्या समासात लिहून ठेवते की."

"ती कुठं आहे?"

"रत्नाकर सरांकडे गेली. आत्ता येते म्हणाली. कॉफीसुद्धा घेतली नाही, तशीच पळाली."

भीमसेनराव पाटावर बसले ते बसलेच. आता हे सगळं प्रकरण सांगायला हवं. विषयांची नक्कल कुठंही ठेवायची नाही, असा स्पर्धेचा नियम होता, आणि तो भीमसेनरावांनीच आग्रहानं घालायला लावला होता. पण पाकिटं तिजोरीत गेल्यावर त्यांना झोप येईना. तिजोरी प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत, तिची दुसरी किल्ली साहेबांकडे. एखादं पाकीट कोणी बदललं तर आपल्याला कळणार कसं? म्हणून त्यांनी नऊच्या नऊ विषय घरी लिहून ठेवले. लिहिले मराठीत, आणि तेही मोडीत. कानडी मुलखात मोडी कोण वाचणार? आणि लिहिले कुठं, तर मागच्या वर्षीच्या पंचांगाच्या शेवटल्या कोऱ्या पानावर. वर्ष सरलं की पंचांगाला कोण हात लावतो? सगळ्या जगावर पहारा ठेवणारा हा माणूस आपली बायको आपल्याच बापाच्या श्राद्धाच्या नोंदी कुठं ठेवते हे इतक्या वर्षांत कधी पाहायला गेला नव्हता.

आणि मोडी वाचणारं माणूस घरातच होतं. भीमसेनरावांचे वडील आप्पाजी सरकारी दफ्तरखान्यात होते. तिथं जुन्या मराठी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे होते, ते लावायचं त्यांचं काम. त्यांनी मुलाला मोडी शिकवली, आणि पेन्शनीत बसल्यावर नातीलाही. क्षमा सात-आठ वर्षांची असताना दोघं दुपारभर ओसरीवर पाटी घेऊन बसत. पोर मोठी झाली, आप्पाजी गेले, ती अक्षरं ती विसरली असेल असं भीमसेनरावांनी धरून चाललं होतं. आता त्यांनी शेवटलं पान उघडलं. नवव्या आकड्यापुढं त्यांच्याच हातची ओळ होती: यंत्र माणसाला गुलाम करते. पानाच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लागलं होतं. स्वयंपाकघरातून उठून आलेल्या मुलीचं बोट.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली. क्षमानं वाचलं. आणि वाचून ती कॉफीही न घेता उठली ती थेट रत्नाकरांच्या घरी पळाली. कशाला? विषय कळल्यावर मुद्दे काढून घ्यायलाच, दुसरं कशाला?

क्षमा दिवेलागणीला परत आली. तिचं तोंड उतरलं होतं. ती बापाकडे न बघता आत गेली आणि पानं मांडू लागली. भीमसेनरावांनी काही विचारलं नाही. संशयी माणसाची ही एक गंमतच असते. तो रस्त्यावरच्या परक्या माणसाला दहा प्रश्न विचारील, पण ज्या एका प्रश्नाच्या उत्तराची त्याला धास्ती असते तो प्रश्न तो घरच्या माणसाला विचारत नाही.

गुरुवारी सकाळी ते सही घ्यायला प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत गेले तर खोलीत लाखेचा वास. भीमसेनरावांचं नाक या बाबतीत फसत नसे. नऊ पाकिटांवर त्यांनी लाख ओतली होती ती दोन आठवड्यांपूर्वी, आणि तीही आपल्या टेबलाशी. साहेबांच्या टेबलाच्या काचेवर लाल मण्याएवढा एक ताजा ठिपका होता. रत्नाकर तिथंच खुर्चीत बसले होते. भीमसेनराव आत येताच दोघांचं बोलणं थांबलं. साहेबांनी टीपकागद उचलून ठिपक्यावर ठेवला आणि हवेबद्दल काहीतरी बोलले. रत्नाकर, जे कोणत्याही गोष्टीवर हसायचे, ते त्या दिवशी हसले नाहीत.

झालं. भीमसेनरावांच्या डोक्यात हिशेब जमला. क्षमानं रत्नाकरांना सांगितलं असणार. रत्नाकर स्पर्धेचे चिटणीस, कॉलेजचा संघ जिंकावा असं त्यांना वाटणारच. सहा वर्षांत कॉलेज एकदाही जिंकलं नव्हतं. आणि साहेबही त्यात आहेत. पाकीट फोडून त्यांनी आणखी काहीतरी केलं असणार, काय ते देवाला ठाऊक. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते थेट आपल्या घराच्या पायाखाली मुरत होतं. आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, पण आतापर्यंत एकही खरा ठरला नव्हता. खरा ठरला तर काय वाटतं हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते फार वाईट होतं. दुपारचा डबा त्यांनी तसाच परत नेला.

शुक्रवारी सकाळी क्षमा परसात केस वाळवत उभी होती. भीमसेनराव जवळ गेले. तुळशीची दोन वाळकी पानं खुडली.

"क्षमी, मला काही सांगायचं आहे का तुला?"

तिनं केस मागे टाकले. "आहे," ती म्हणाली. "पण उद्याचं संपू दे, अण्णा. मग सांगते."

"आज नको?"

"आज नको. स्वल्प थांबा."

तिनं नाही म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता की नाही, कोण जाणे. पण ती आहे म्हणाली, आणि उद्यावर ढकललं. भीमसेनरावांचं जे होतं-नव्हतं ते बळ गेलं. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी एक पत्र लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं. फाडलेले तुकडे केराच्या टोपलीत न टाकता खिशात घालून घरी आणले आणि न्हाणीच्या चुलीत टाकले. पत्र लिहावं तर मुलीचं सगळं आयुष्य एका कागदावर पुसलं जातं. न लिहावं तर ती शिष्यवृत्ती चोरीची, आणि ती चोरी आपल्या हातातून झालेली. रात्रभर विचार करून त्यांना एवढंच दिसलं, की परक्याच्या मुलीनं हे केलं असतं तर आपण पत्र लिहायला एक क्षणही लावला नसता.

शनिवारी दुपारी अडीच वाजता ते अध्यक्षांपुढे उभे राहिले. परीक्षकांचे अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते, कॉलेजशी संबंध नसलेले. भीमसेनरावांना उरलेला विश्वासाचा तेवढाच एक माणूस. पत्रात त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा गुन्हा लिहिला होता: नियम मोडून मी विषयांची नक्कल घरी ठेवली. मग दुसरं वाक्य: अंतिम फेरीतील वक्ता कुमारी क्षमा, माझी मुलगी, हिला ती वाचता येते आणि तिने ती वाचली आहे असे मला वाटते. मग तिसरं: मला यापुढे या कामातून मुक्त करावे. खाली सही आणि तारीख. आवक नोंदवहीत त्यांनी पत्राला नंबरही घातला होता. सवयीचा माणूस.

न्यायाधीशांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि प्रिन्सिपॉलसाहेबांना, रत्नाकरांना आणि क्षमाला बोलावणं पाठवलं. भीमसेनरावांना बाहेर थांबायला सांगितलं. ते बाहेर थांबले. आत वीस मिनिटं बोलणं चाललं होतं. एकदा साहेबांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. मग बराच वेळ क्षमा एकटीच बोलत होती. शब्द कळत नव्हते. फक्त आवाज येत होता, सावकाश, कुठंही न अडखळणारा. आपली मुलगी अशी बोलते, हे भीमसेनरावांच्या मनात येऊन गेलं.

दार उघडलं. क्षमा बाहेर आली. बापापाशी पावलं किंचित मंदावली, पण ती थांबली नाही. मागून रत्नाकर आले, तेही त्यांच्याकडे न बघता निघून गेले. थोड्याच वेळात व्हरांड्यातून मधुकर नावाच्या राखीव मुलाला कोणीतरी हाका मारताना ऐकू आलं. न्यायाधीशांनी दारात येऊन भीमसेनरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, तुम्ही तुमचं कर्तव्य केलंत, आता शेवटचं पाकीट तेवढं घेऊन या. भीमसेनरावांना वाटलं होतं की हे वाक्य ऐकून छाती हलकी होईल. ती हलकी झाली नाही.

चार वाजता ते पाकीट घेऊन व्यासपीठावर गेले. चालतानाच त्यांच्या बोटांना काहीतरी खटकलं. शिक्का कॉलेजचाच होता, पण तो डावीकडे कलला होता. आपण असा शिक्का मारत नाही. पण दोन्ही संघ खुर्च्यांवर बसले होते, कोलंबोची दोन मुलं आणि इकडे क्षमाचा जोडीदार आणि घाबरलेला मधुकर. न्यायाधीशांनी शिक्का सगळ्यांना दाखवला, लाख फोडली आणि विषय वाचला.

'लहान राष्ट्रांनी मोठ्या राष्ट्रांची मदत नाकारावी.'

भीमसेनरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हा विषय नवव्या पाकिटातला नव्हता. आठव्यातलाही नव्हता. पंचांगाच्या त्या पानावरच्या नऊ ओळींत हा विषय कुठंच नव्हता. पाकीट बदललं, हा त्यांच्या मनातला पहिला विचार. आणि तो पुरता होण्याआधीच त्यांना उरलेलं सगळं कळलं. ते व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले आणि सरळ बाहेर गेले.

रत्नाकर त्यांना बाहेर व्हरांड्यात भेटले. हातात पेटवलेली सिगरेट होती, ती ते ओढत नव्हते.

"बुधवारी ती धापा टाकत माझ्या दारात आली," ते म्हणाले. "म्हणाली, सर, मी शेवटचा विषय वाचला. आजोबांच्या मोडीसारखी अक्षरं दिसली म्हणून वाचत गेले. कळलं तेव्हा ओळ वाचून झाली होती. विषय बदला, नाहीतर मला काढा. तिसरं काही करू नका."

रत्नाकरांनी सिगरेटची राख झाडली.

"साहेबांनी आणि मी त्याच रात्री नवा विषय काढला. मीच दोन बोटांनी टाइप केला, आणि गुरुवारी सकाळी साहेबांच्या टेबलाशी शिक्काही मीच मारला. पाहुण्यांपुढे बभ्रा नको म्हणून न्यायाधीशांना कळवलं नाही. ती चूक आमची. आज ते म्हणाले, मुलीवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण पाकिटं राखणाऱ्याचीच लेखी तक्रार आल्यावर, आणि तुम्ही मला काही न सांगता पाकीट बदलल्यावर, तिला बसवलं तर उद्या कोलंबोवाले काय म्हणतील? त्यावर तीच म्हणाली, मी बसत नाही. सभा होऊ द्या."

"मला का सांगितलं नाहीत?" भीमसेनरावांनी विचारलं.

"तिचीच अट होती. शनिवारपर्यंत अण्णांना कळू देऊ नका. त्यांच्या हातून चूक झाली हे कळलं तर ते पाकिटांना पुन्हा हात लावणार नाहीत, आणि त्यांना दुसरं काही आवडत नाही, म्हणाली." रत्नाकरांनी सिगरेट टाकली आणि बुटानं विझवली. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं, भीमसेनराव. पण खरं सांगू, तुम्ही विश्वास ठेवला असता का?"

भीमसेनरावांनी या प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर मिळालं ते त्यांना आवडलं नाही.

आता राखायला पाकीट उरलं नव्हतं. तासाभरानं वाद सुरू झाला तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा भीमसेनराव हॉलमध्ये जाऊन बसले, मागच्या रांगेत, भिंतीकडेला. पुढच्या तिसऱ्या रांगेत क्षमाची वेणी दिसत होती. मधुकर बिचारा कधी एवढ्या लोकांपुढे उभा राहिला नव्हता. पहिली दोन मिनिटं तो बरा बोलला. मग एक मुद्दा दोनदा सांगितला, मग पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. घंटा व्हायच्या आत तो खाली बसला. कोलंबोचा मुलगा उत्तम बोलला. शिष्यवृत्ती त्याला मिळाली. सगळ्यांत आधी टाळ्या वाजल्या त्या तिसऱ्या रांगेतून. आणि मधुकर खाली उतरून येत होता तेव्हाही क्षमा त्याच्यासाठी टाळ्या वाजवत राहिली, इतरांच्या थांबल्यावरही.

भीमसेनराव आणि क्षमा बसनं न जाता चालत निघाली. दुकानांतून दिवे लागले होते, फुलवाल्या बायकांनी टोपल्या मांडल्या होत्या. एरवी बापलेक बरोबरीनं चालत. आज भीमसेनराव दोन पावलं मागे होते. माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं. वाक्य फार लांब नव्हतं, पण कॉलेजपासून दोन चौक गेले तरी ते बाहेर येईना.

"मी तुला नीट विचारायला हवं होतं," शेवटी ते म्हणाले.

"विचारलं होतंत की, अण्णा," क्षमा म्हणाली. "मीच सांगितलं नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. रागाला काहीतरी उत्तर देता येतं. ती अशी समजूत घालायला लागली तेव्हा आपण किती म्हातारे झालो आहोत, हे भीमसेनरावांना पहिल्यांदा जाणवलं. त्यांना आणखी काहीतरी द्यायचं होतं तिला, आणि देण्यासारखं जवळ काही नव्हतं. तेव्हा त्यांनी विचारलं. इतके दिवस जे विचारायला स्वतःलाच बंदी घातली होती, ते विचारलं.

"क्षमी, आज तू उभी राहिली असतीस तर काय बोलली असतीस?"

ती चालता चालता थांबली. त्यांच्याकडे वळून पाहिलं. प्रश्न खराच विचारला आहे का, हे तिनं पाहिलं असावं.

"कसं सांगू, अण्णा?" ती म्हणाली. "मला विषय ठाऊक नव्हता."

मग दोघं पुढे निघाली. त्यांच्या गल्लीत कोणी रस्त्यावर नव्हतं. घराशी आल्यावर क्षमानं फाटकाची कडी काढली, आणि रोजच्यासारखी बाजूला होऊन अण्णा आधी आत जाईपर्यंत फाटक धरून उभी राहिली.